डावा कौल

जानकी परबच्या तोंडात एक वाक्य इतकं बसलं होतं, की तिला झोपेतून उठवून काही विचारलं असतं तरी ती तेच म्हणाली असती : "विचारून सांगते."

दिंडोशी कोर्टासमोरच्या दुकानांच्या रांगेत, एका झेरॉक्सवाल्याच्या माडीवर ॲडव्होकेट शर्मिष्ठा मॅडमचं ऑफिस होतं. जानकी तिथे फोन घ्यायची, फायली लावायची, आलेल्या माणसाला पाणी द्यायची आणि पुढची तारीख सांगायची. माणसं यायची तीच मुळी घाबरलेली. कोणाचा भाडेकरू जागा सोडत नाही, कोणाचा सख्खा भाऊ सही करत नाही. मॅडम कोर्टात आणि जानकी समोर, त्यामुळे विचारायचं ते सगळं जानकीला. ताई, तारखेला मी यायलाच पाहिजे का? ताई, समोरचा आला नाही तर? उत्तर बहुतेक वेळा तिला ठाऊक असायचं. इतकी वर्षं एका खुर्चीत काढली की खुर्चीलासुद्धा थोडा कायदा यायला लागतो. पण ठाऊक असणं वेगळं आणि सांगायचा अधिकार असणं वेगळं. म्हणून ती म्हणायची, "विचारून सांगते."

घरी तरी काय निराळं होतं? टेकडीच्या उतारावरच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर परबांचं घर. नवरा निलेश लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, मुलगी अक्षता अकरावीला आणि घराची सगळी सूत्रं सासूबाईंच्या हातात. साऱ्या वसाहतीत त्यांना 'परबीण काकी' म्हणत. सासरे गिरणी बंद पडल्यावर खचून गेले ते गेलेच. तेव्हापासून या बाईने घर असं घट्ट धरलं, की पुढे धरायची गरज उरली नाही तरी मूठ सुटली नाही. आमटीत मीठ किती, पाहुण्यांना मासे की कोंबडी, पडद्याला कोणतं कापड, सगळं आईंना विचारून. आणि आई? आई देवाला विचारायच्या. निलेश जानकीला विचारायचा, जानकी आईंना, आई देवाला. देव कोणाला विचारत होता ते कळायला मार्ग नाही.

आता हे देवाला विचारणं म्हणजे हात जोडून डोळे मिटणं नव्हे. मालवणकडच्या त्यांच्या गावी देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न घालतो आणि वाट बघतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो. डावीकडची पडली तर नाही. त्यावर अपील नाही. परबांच्या घरात लग्नं, जागा, नोकऱ्या सगळं कौलावर ठरलेलं. निलेशचा चुलतभाऊ डावा कौल धुडकावून आखातात गेला आणि महिन्याभरात पाय मोडून परत आला, ही गोष्ट तर त्या घरात पाहुण्याला चहाबरोबर मिळायची.

अशा घरातल्या जानकीच्या डोक्यात वकील व्हायचं खूळ कुठून आलं? तर एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. वाकोल्याहून आले होते, खांद्याला कापडी पिशवी. विचारायचं एवढंच होतं, की उद्या तारखेला मूळ कागद आणू की झेरॉक्स चालेल. मॅडम सकाळपासून कोर्टात अडकलेल्या, फोन बंद. जानकी म्हणाली, "विचारून सांगते." ते बिचारे स्टुलावर बसले. जेवायची वेळ टळली, ऊन खिडकीतून टेबलावर आलं आणि टेबलावरून गेलं, माणूस जागचा हलला नाही. संध्याकाळी मॅडम आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "दोन्ही आणा हो काका." काका "बरं" म्हणून उठले, गुडघा धरून जिना उतरले. दोन्ही आणा! दोन शब्द. ते सकाळीच जानकीच्या जिभेवर होते. तिला इतकी लाज वाटली, की तिने त्या म्हाताऱ्याकडे वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. पाणी मात्र दोनदा विचारलं होतं.

त्याच संध्याकाळी ती मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली. "मॅडम, मला सीईटी द्यायचीय. लॉची. तीन वर्षांच्या कोर्सची."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मुक्त विद्यापीठाची बीएची डिग्री आहे ना तुझी? मग भर फॉर्म. वयाची अट नाही, अकलेची आहे. ती तुझ्याकडे आहे."

घरी तिने रात्रीच्या जेवणाला सांगून टाकलं. डाळ वाढता वाढता. "मी लॉची परीक्षा देतेय. फॉर्म भरला."

"झकास!" निलेश म्हणाला, मग त्याने आईकडे पाहिलं आणि घास घेतला. अक्षता ताटावरून उठून मम्मीच्या गळ्यात पडली. आई मात्र एकच शब्द बोलल्या : "जेवा."

त्या एका शब्दात काय काय होतं ते जानकीला तेव्हा कळायला हवं होतं. पण तिच्या पायाला आधीच भिंगरी लागली होती.

अभ्यास म्हणजे काय विचारता! अक्षताने तिच्या मोबाइलवर सराव परीक्षा उतरवून दिल्या. पहाटे डबे करताना पोळपाटाशेजारी मोबाइल, ऑफिसात दोन फोनांच्या मधे मोबाइल, भाजी घेताना पिशवीत पुस्तक. सामान्य ज्ञानाने तिची वाट लावली. जगात इतके पुरस्कार इतक्या लोकांना कशाला देतात तेच तिला कळेना. इंग्रजी कसंबसं निभायचं. तर्काचे प्रश्न तिला आवडायचे. पण ज्या कायद्याच्या भागावर तिची सगळी भिस्त होती, तिथेच घोडं अडलं.

त्या भागात आधी एक नियम देतात, मग एक हकीकत. दिलेला नियम हकीकतीला लावायचा आणि उत्तर द्यायचं. नियम : दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय पाऊल टाकणारा माणूस दोषी. हकीकत : चेंडू आणायला म्हणून अमुक तमुकच्या अंगणात गेला. दोषी की नाही? जानकीने 'नाही' निवडलं. चेंडू आणायला गेला बिचारा, त्यात दोष कसला? तमुकच चिकट माणूस दिसतोय. उत्तर लाल झालं. पुढच्या प्रश्नात एका बाईने शेजारणीची साडी चुकून नेली. जानकीला वाटलं, दोघींना समोरासमोर बसवून चहा पाजला तर प्रकरण मिटेल. तो पर्याय चारांत नव्हता. वसाहतीत पाण्यावरून, कुंड्यांवरून, जिन्यातल्या चपलांवरून भांडणं झाली की ती मिटवायला जानकीच जायची. तिच्या कायद्यात कोणी दोषी नसायचंच. सगळेच थोडे थोडे चुकलेले असायचे.

"जानकी," मॅडमनी तिचा पेपर तपासून कपाळाला हात लावला, "तू आधी उत्तराकडे धावतेस आणि मग त्या माणसांची दया करत बसतेस. थांब जरा. आधी प्रश्न वाच. नक्की काय विचारलंय? उलटतपासणीत निम्मे साक्षीदार इथेच पडतात. प्रश्न ऐकतच नाहीत."

जानकी थांबायला शिकू लागली. मार्क हळूहळू चढले. परीक्षा जवळ आली तसा तिचा जीव मात्र एका जागी ठरेना. गॅस पेटवायची आणि वर भांडंच ठेवायची नाही. एकदा तिसऱ्या मजल्यावर जाऊन दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावत बसली. आतून "कोण?" म्हणून आवाज आला तर ही म्हणते, "विचारून सांगते." मग स्वतःच हसली.

आणि घरात आईंचं काहीतरी बिनसलं होतं. त्या बोलत नव्हत्या असं नाही. कामापुरतं बोलत होत्या. पण जानकी पुस्तक घेऊन बसली की त्यांना नेमकं त्याच खोलीत काहीतरी शोधायचं असायचं. डबे उघडायच्या, झाकायच्या. जानकीकडे बघायच्या, ती बघायला लागली की नजर काढून घ्यायच्या. एक दिवस देव्हाऱ्यातल्या गावच्या देवाच्या तसबिरीसमोर त्या नुसत्याच उभ्या होत्या, हातातली उदबत्ती जळून बोटाला चटका बसेपर्यंत.

परीक्षेला आठवडा राहिला असेल. आई मोरीपाशी बांगडे कापत बसल्या होत्या आणि जानकी खोबरं खवत होती. खवताना तोंडाने कलमं चालू होती.

आईंनी कोयता खाली ठेवला. "जानकी, तू ह्या परीक्षेक बसू नको."

"काय?"

"मी कौल लावून घेतलंय. बाबी गुरवाक फोन केललंय. देवान डावो दिल्यान." आणि त्यांनी परत बांगडा हातात घेतला, जणू बाजारभाव सांगितला.

जानकीच्या हातून वाटी पडली नाही की काही नाही. ती खवतच राहिली. खोबरं संपून करवंटी लागली तरी खवत राहिली. मग भडकली. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं विचारायला? परीक्षा माझी, कौल तुम्ही लावणार?"

"घर माझा," आई म्हणाल्या.

संध्याकाळी निलेश आला तेव्हा त्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागल्या, एक स्वयंपाकघरात आणि एक गॅलरीत. जानकीला वाटलं होतं, हा तरी हसेल. तो हसला नाही. मान खाजवत म्हणाला, "मी काय म्हणतो, पुढच्या वर्षी दे ना. परीक्षा काय पळून जातेय? तो चुलतभावाचा पाय..."

"पाय दारू पिऊन जिन्यावरून पडल्याने मोडला होता रे!"

"हो, पण डावा कौल असतानाच मोडला ना."

यावर कोणता वकील काय बोलणार!

जानकीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. म्हणजे आपला नाही असं ती समजत होती. पण दुसऱ्या दिवशी सराव परीक्षेत तिचे मार्क धाडकन खाली आले. तिसऱ्या दिवशी आणखी खाली. प्रश्न वाचता वाचता तिला ओली पाकळी दिसायची, पाषाणावरून घसरणारी, डावीकडची. लग्न झाल्यापासून दर खेपेला ती त्या देवळात उभी राहिली होती, त्या पाकळीकडे श्वास धरून बघत. डोक्याने नाकारलं तरी पोटात जे बसलंय ते कुठे जाणार? रस्ता ओलांडताना ती दोन-दोनदा थांबायला लागली. निलेश कामावरून यायला उशीर झाला की दाराशी येरझाऱ्या. अक्षता शिंकली तरी हिचा हात तिच्या कपाळावर. असा पेपर द्यायचा म्हणजे कठीण होतं आणि न द्यायचा म्हणजे जन्मभर त्या म्हाताऱ्या काकांसारखं स्टुलावर बसून राहायचं.

"काय झालंय तुला?" मॅडमनी अखेर विचारलं. "परवापर्यंत बरोबर सोडवत होतीस. परत प्रश्न न वाचता उत्तर ठोकतेयस."

मॅडम खाली उतरून कोर्टाकडे गेल्या आणि जानकी खुर्चीत ताठ बसली. प्रश्न न वाचता उत्तर. उत्तर तिला माहीत होतं : डावा. पण प्रश्न? प्रश्न काय घातला होता?

तिने गावी फोन लावला. बाबी गुरव काजूच्या बागेत होते, मागे कोणीतरी कुत्र्याला हाकलत होतं.

"बाबीकाका, मी परबांची जानकी, मुंबईहून. आमच्या आईंनी कौल लावायला सांगितला होता ना? देवाला नक्की काय विचारलंत?"

"तुझी सासू जा बोलली ताच इचारलंय गे. ती रडत होती. म्हणाली, बाबी, देवाक इचार, सून वकिलीची परीक्षा दिल्यान तर माझा घर मोडात काय?"

"हेच शब्द?"

"हेच. माझ्या पदरचो एक शबुद नाय. इचारलंय, डावो पडलो, फोनवर सांगलंय डावो. पुढचा ऐकूकच नाय तिणा, फोन ठेवल्यान."

जानकीने टेबलाची कड धरली. "काका, डावा म्हणजे नाही ना?"

"डावो म्हणजे नायच."

"घर मोडेल का विचारलं, तर देव म्हणाला नाही. म्हणजे घर मोडणार नाही."

पलीकडे बाबीकाकांनी प्रश्न आणि उत्तर पुन्हा एकदा पुटपुटून पाहिलं. मग म्हणाले, "गे बाय माझे! असो उलटो प्रश्न कोण घालतच नाय गे! सगळे इचारतत, बरा होयत काय? वायट होयत काय म्हणान देवाक कोण इचारता?"

जानकी हसत सुटली. फोन ठेवला तरी हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं. मग जिन्यात पावलं वाजली आणि एका बाईने दारातून विचारलं, "मॅडम आहेत का?" तेव्हा ती तोंड पुसून नीट बसली.

आता सगळं सुरळीत होणार, असं वाटून ती संध्याकाळी जवळजवळ धावतच घरी गेली. पण सुरळीत व्हायला समोर परबीण काकी नसाव्या लागतात. आईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. प्रश्न, उत्तर, त्याचा अर्थ. बाबीकाकांचं "गे बाय माझे"सुद्धा.

मग म्हणाल्या, "देवाक काय तुमच्या कोर्टासारखो समाजलंस? शब्द बघून निकाल देवक? तो मनातला बघता. माझ्या मनात नको होता. त्यानही नको म्हटल्यान."

"पण तुमच्या मनात नको का होतं?"

आईंनी देव्हाऱ्यातलं निरांजन पुसायला घेतलं.

"सांगा ना. मी वकील झाले तर घर का मोडेल? मी काय तुम्हाला घराबाहेर काढणारे?"

"मीठ किती घालू, माका इचारतंस," आई म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "पाहुण्यांक काय करू, माका इचारतंस. अक्षताच्या शाळेच्या सहलीक सुदीक माका इचारलंस. आणि ह्या एवढा मोठा काम, ता नुसता सांगलंस. जेवताना. डाळ वाढता वाढता. तेव्हाच माका समाजला, आता ह्या घरात माका कोण काय इचारूचा नाय."

"विचारलं असतं तर तुम्ही देवाला विचारलं असतं! आई, ऑफिसात मी दिवसभर म्हणते, विचारून सांगते. घरात म्हणते, विचारून सांगते. साधे दोन शब्द त्या म्हाताऱ्या माणसाला मी स्वतःच्या तोंडाने सांगू शकले नाही. उपाशी बसला तो. मला एकदा तरी कोणाला न विचारता सांगायचंय. एकदा तरी!"

निलेशला त्याच क्षणी कुठल्याशा इमारतीतली लिफ्ट अडकल्याचं आठवलं आणि तो चपला घालून खाली गेला. दोघी बायका आपापल्या खोलीत रडल्या. दोघींचंही चुकलं नव्हतं, हेच तर वाईट होतं. कोणी दोषी असतं तर निकाल लागला असता.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. घरात भांडीसुद्धा हळू ठेवली जात होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी जानकीने चारदा बॅग भरली आणि चारदा रिकामी केली. ओळखपत्र आहे ना, आहे. परत बघू. मुलुंडला कॉलेज, सकाळची वेळ, रिक्षा आरेतून जाईल की पवईत अडकेल? ती बसायची, उठायची, गॅलरीत जायची, आत यायची. अक्षता म्हणाली, "मम्मी, तू फिरतेस ना, मला चक्कर येतेय."

सकाळ झाली. जानकी तयार होऊन दाराशी आली. निलेश खाली रिक्षा थांबवायला गेला होता. आई देव्हाऱ्यासमोर, दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. वळल्या नाहीत.

एका पायात चप्पल, दुसरा पाय उंबऱ्यात. नुसतं "आई, जाऊ का?" म्हटलं असतं तर पाठ वळली असती, हे जानकीला पक्कं ठाऊक होतं. पण तेच तर म्हणायचं नव्हतं. ते म्हटलं की सगळं परत पहिल्यापासून. आणि काहीच न बोलता निघावं, तर पाय उचलत नव्हता. या पाठीने तिचं बाळंतपण काढलं होतं, ती मुक्त विद्यापीठाच्या परीक्षांना बसली तेव्हा अक्षताला या पाठीवर खेळवलं होतं. खालून रिक्षाचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

जानकीने चप्पल काढली आणि आत आली.

"आई, आमच्या मॅडमच्या स्वतःच्या फ्लॅटची केस होती, माहितीय? त्यांनी ती स्वतः चालवली नाही. दुसरा वकील दिला. म्हणाल्या, स्वतःची बाजू स्वतः मांडायला गेलं की माणूस गडबडतो."

आईंनी मान किंचित वळवली.

"माझी बाजू तुम्ही मांडा. देवासमोर. माझं वकीलपत्र घ्या. गाऱ्हाणं घाला माझ्यासाठी."

"गाऱ्हाणा बाप्ये घालतत," आई फटकन म्हणाल्या. खरंच होतं. सगळ्यांच्या वतीने मोठ्याने देवाला साकडं घालायचं, ते घरातल्या कर्त्या पुरुषाने किंवा गावच्या मानकऱ्याने. बायकांनी मागे उभं राहून ऐकायचं.

"बायकांनी घालायचं नाही, असं कुठल्या कलमात आहे?"

"आणि मी काय बोलू? माझ्या मनात नको आसा, सांगलंय ना तुका."

"वकिलाला पक्षकार पटलाच पाहिजे असं काही नसतं. बाजू नीट मांडली की झालं."

आईंच्या ओठाचा कोपरा हलला. हसू दाबलं की रडू, ते जानकीला दिसलं नाही, कारण तोवर त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला होता आणि हात जोडले होते. हॉर्न ऐकून वैतागलेला निलेश वर आला तो दारातच थबकला.

"बा देवा म्हाराजा!" आईंचा आवाज पहिल्यांदा फाटला. मग चढला. खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल इतका चढला. "आज ह्या परबांच्या घराची सून जानकी परीक्षेक बसता हा, म्हाराजा!"

अशा वेळी मागच्यांनी साथ द्यायची असते. निलेशने लहानपणापासून ती दिली होती. ती त्याच्या तोंडून आपोआपच निघाली. "व्हय म्हाराजा!"

"तिणा माका इचारल्यान नाय, म्हाराजा! नुसता सांगल्यान!"

निलेशने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. जानकी स्वतःच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"मी भियालंय. भियान तुका उलटो प्रश्न घातलंय. तू सरळ जबाब दिलंस, ता माका समाजला नाय. ती चूक माझी, तिची नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अक्षता आतून दात घासायच्या ब्रशसकट आली होती.

"इतकी वर्सां ही पोर सगळ्यांक 'इचारून सांगतंय' म्हणान थांबयता हा. हाफिसात थांबयता, घरात थांबता. आता तिका स्वताच्या तोंडान सांगाक गावांदे, म्हाराजा! तिच्या वाटेत जा काय आडवा येत आसात... मी आडवी येत आसन तर माकाही बाजूक कर, म्हाराजा!"

यावर "व्हय" म्हणायला कोणाचाच आवाज फुटला नाही. आई वळल्या. "गप कित्याक? व्हय म्हणा."

"व्हय म्हाराजा," तिघंही म्हणाली. जानकी सासूच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिचा दंड धरून उठवलं. "उशीर होता हा. चल. मी येतंय."

"तुम्ही कुठे?"

"वकील घरात बसान रवता काय?"

रिक्षात तिघं दाटीवाटीने बसली. पवईला गाड्या तुंबल्या तेव्हा जानकीचा पाय थडथड हलायला लागला. आईंनी त्या गुडघ्यावर आपला हात ठेवला आणि मुलुंड येईपर्यंत उचलला नाही. फाटक बंद व्हायच्या जेमतेम आधी ती आत गेली.

पेपर बरा गेला, एवढंच म्हणता येईल. सामान्य ज्ञानाने पुन्हा वाट लावली. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत म्हणून तिथे तिने डोळे मिटून टिचक्या मारल्या. पण कायद्याच्या भागात ती एकेका प्रश्नावर थांबली. एकाची बकरी दुसऱ्याच्या परड्यात शिरली होती. तिला बकरीची दया आली, मालकाचीही आली, पण तिने नियम परत वाचला आणि मालकाला दोषी ठरवलं. मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

बाहेर आली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. फाटकासमोरच्या गुलमोहराखाली पालकांचा घोळका होता आणि घोळक्याच्या मधोमध, पायपुसण्याएवढी सतरंजी कुठून तरी पैदा करून, परबीण काकी बसल्या होत्या. निलेश कडेला, चेहरा लालबुंद.

"अगं, आईने तासभर गाऱ्हाणी घातलीत," तो पुटपुटला. "एकाने कौतुकाने विचारलं काय, आणि सुरूच! प्रत्येकाच्या मुलाचं नाव विचारून वेगळं. गुजराती लोकसुद्धा 'व्हय म्हाराजा' म्हणतायत!"

जानकी पुढे सरकली. आईंनी तिला अजून पाहिलं नव्हतं. त्यांच्यासमोर एक बाई बसली होती, जानकीपेक्षा वयाने मोठी, केस पांढरे व्हायला लागलेले. बहुतेक मुलाला सोडायला आली असावी. ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हाला माहिती दिसते म्हणून विचारते. ही परीक्षा माझ्या वयाच्या बाईला देता येते का हो?"

आईंनी तोंड उघडलं. मग मिटलं. फाटकाकडे मान उंच करून बघत म्हणाल्या, "जरा थांबा. सुनेक इचारून सांगतंय."